त्यागाला लागणारा वारस : टॉल्स्टॉयच्या गृहत्यागाचा पुनर्विचार

१

१९१० च्या ऑक्टोबर महिन्याच्या २८ तारखेस, पहाटेच्या अंधारात, लेव्ह टॉल्स्टॉय यास्नाया पोल्याना येथील आपल्या आजोळकडून आलेल्या घरातून निघून गेला. (ही तारीख रशियात तेव्हा प्रचलित असलेल्या जुन्या पंचांगाची आहे; नव्या गणनेने ती १० नोव्हेंबर होते. या लेखातील रशियातील घटनांच्या तारखा जुन्या गणनेनेच दिल्या आहेत.) त्याचे वय त्या वेळी ८२ वर्षांचे होते. सोबतीला दुशान माकोवित्स्की हा घरचा डॉक्टर होता. धाकटी मुलगी अलेक्सान्द्रा हिला बेत ठाऊक होता. अठ्ठेचाळीस वर्षे जिने संसार केला त्या सोफिया आन्द्रेयेव्हनाला तो सकाळी उशिरा कळला. दहा दिवसांनी, ७ नोव्हेंबरला, अस्तापोव्हो नावाच्या आडवळणाच्या रेल्वे-स्थानकावर, तेथील स्टेशनमास्तरच्या घरात टॉल्स्टॉयचा अंत झाला.

भारतीय वाचकाला ही घटना परिचित झाली ती मुख्यतः गांधींच्या संबंधामुळे. टॉल्स्टॉयने गांधींना लिहिलेले अखेरचे दीर्घ पत्र त्याच वर्षीच्या ७ सप्टेंबरचे, म्हणजे या घटनेच्या अवघे सात आठवडे आधीचे आहे. आणि जोहान्सबर्गजवळची टॉल्स्टॉय फार्म ही वसाहतही १९१० मध्येच स्थापन झाली होती. तेव्हा अपरिग्रहाचा उपदेश करणारा वृद्ध पुरुष अखेर घरदार सोडून वनाची वाट धरतो, हे चित्र आपल्याकडे फारशी शंका न घेता स्वीकारले गेले, यात आश्चर्य नाही. या चित्राला आधार खुद्द टॉल्स्टॉयनेच पुरविला आहे. १८९७ च्या जुलै महिन्यात त्याने पत्नीला उद्देशून एक पत्र लिहिले आणि न देता लपवून ठेवले. साठीला पोचलेले हिंदू जसे अरण्यात जातात, तशी आपल्यालाही उरलेली वर्षे ईश्वराकडे लावण्याची ओढ लागली आहे, असा त्यातील आशय आहे. घर सोडताना मागे ठेवलेल्या पत्रातही आपल्या वयाची म्हातारी माणसे सामान्यतः जे करतात तेच आपण करीत आहोत, असे त्याने म्हटले आहे. वानप्रस्थाची कल्पना त्याच्यावर इतरांनी लादलेली नाही.

परंतु त्या रात्री त्याला जागे केले ते कागदांच्या सळसळीने. अभ्यासिकेत उजेड दिसत होता आणि कोणी तरी कागद चाळीत होते. सोफिया आन्द्रेयेव्हना शोध घेत होती. ही हकीकत त्याने स्वतःच रोजनिशीत नोंदली आहे. उजेड मालवला, पावले दूर गेली, पण त्याला पुन्हा झोप लागली नाही. आणि त्या अस्वस्थतेतच जाण्याचा निश्चय झाला. पत्नी काय शोधीत होती याचे उत्तर एका शब्दात देता येते: मृत्युपत्र. अनेक वर्षांचा आध्यात्मिक ध्यास आणि एका कागदाचा शोध अशा दोन कारणांनी हे गृहत्यागाचे प्रकरण घडले. आणि सामान्यतः चरित्रकार यांपैकी एक कारण थोर व दुसरे क्षुद्र मानून पहिल्याकडे वळतात. वस्तुतः ही दोन कारणे निराळी नाहीत. त्यागाच्या हट्टातूनच तो कागद निर्माण झाला होता, आणि तो कागद लपविण्यातूनच ती रात्र उद्भवली होती. ही परिणती कशी झाली, आणि त्या प्रकरणाची साधने वाचताना टीकाकाराने कोणती दक्षता घ्यावी, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रारंभीच एका शब्दाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. रशियन भाषेत या घटनेला ‘उखोद’ म्हणतात. ‘निघून जाणे’ हा त्याचा साधा अर्थ. आणि गंमत अशी की आजाऱ्याची वा म्हाताऱ्याची ‘देखभाल’ या अर्थीही तोच शब्द चालतो. मराठीत ‘गृहत्याग’ म्हटले की बुद्धाच्या अभिनिष्क्रमणाची छाया त्यावर पडते. ‘पलायन’ म्हटले की दोषारोप होतो. ‘बेपत्ता होणे’ म्हटले की प्रकरण पोलिसांच्या दप्तरात जाते. प्रस्तुत लेखातही रूढ म्हणून ‘गृहत्याग’ हाच शब्द वापरला आहे. तथापि अनुवादकाने शब्द निवडला की निकालही जवळजवळ दिला जातो, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

२

या कुटुंबातील पैशाचा प्रश्न १९१० मध्ये उपस्थित झालेला नाही. त्याचा उगम तीन दशके मागे आहे. १८६२ मध्ये चौतिसाव्या वर्षी टॉल्स्टॉयने अठरा वर्षांच्या सोफियाशी विवाह केला. तिला तेरा मुले झाली. त्यांपैकी पाच बालपणीच गेली. ‘युद्ध आणि शांती’च्या हस्तलिखितांच्या प्रती तिने पुन्हापुन्हा केल्या. १८८० च्या सुमारास टॉल्स्टॉयच्या मनात मोठे परिवर्तन झाले. मालमत्ता हे पाप आहे या निष्कर्षाला तो आला. तेव्हा त्याने काय करावे? १८८३ मध्ये त्याने मालमत्तेच्या व्यवस्थेचे मुखत्यारपत्र पत्नीला करून दिले. म्हणजे पाप टाकून देण्याऐवजी ते दुसऱ्याच्या हाती सोपविले गेले. सोफियाने हे काम मनापासून केले. १८८५ पासून तिने पतीच्या ग्रंथांचे प्रकाशन स्वतः हाती घेतले आणि त्यासाठी डोस्टोव्हस्कीच्या विधवेचा सल्ला घेतला. कारण त्या बाईने पतीचे ग्रंथ स्वतः छापून संसार सावरला होता.

पुढे १८९१ च्या सप्टेंबरात टॉल्स्टॉयने वृत्तपत्रांतून जाहीर केले की १८८१ नंतर लिहिलेल्या आपल्या ग्रंथांवर आपला स्वामित्वहक्क राहणार नाही. ते कोणीही छापावेत. त्यापूर्वीचे ग्रंथ, म्हणजे ‘युद्ध आणि शांती’ व ‘ॲना कॅरेनिना’, यांचे उत्पन्न पत्नीकडे राहिले. त्याच वर्षीच्या वसंतात सोफियाने खुद्द झारची भेट घेऊन, ज्या खंडात ‘क्रॉयत्झर सोनाटा’ होती तो छापण्याची परवानगी मिळविली होती. स्वतःच्या विवाहावरील अभियोग म्हणून जगाने जी कथा वाचली, तिच्या प्रसिद्धीसाठी याच बाईने खटपट करावी, यात तिच्या स्थितीची सारी गुंतागुंत दिसते. १८९२ मध्ये स्थावर मालमत्तेची वाटणी झाली: टॉल्स्टॉय जणू मरण पावला आहे असे समजून पत्नी व मुले यांच्यात जमिनी वाटण्यात आल्या. मारिया या एकाच मुलीने प्रथम आपला वाटा नाकारला.

या वाटणीनंतर टॉल्स्टॉयच्या नावावर जमीन राहिली नाही, पण तो त्याच घरात राहिला, त्याच टेबलाशी जेवला. उपदेश व आचार यांतील ही विसंगती त्याला आयुष्याच्या अखेरपर्यंत टोचत होती. शिवाय १८८१ च्या रेषेमुळे एकाच लेखकाचे दोन भाग झाले. त्यापूर्वीचा टॉल्स्टॉय कुटुंबाच्या मालकीचा, त्यानंतरचा जगाच्या मालकीचा. साहित्याच्या इतिहासात कादंबरीकार टॉल्स्टॉय व धर्मोपदेशक टॉल्स्टॉय असा जो भेद आपण सर्रास करतो, तो त्या घरात प्रथम हिशेबाच्या वहीत पडला होता.

३

या दुसऱ्या, ‘जगाच्या’ टॉल्स्टॉयचा विश्वस्त म्हणून जो पुढे आला तो व्लादिमिर चेर्तकोव्ह. हा माजी लष्करी अधिकारी १८८३ मध्ये टॉल्स्टॉयला भेटला आणि लौकरच त्याचा निकटतम अनुयायी झाला. लोकांसाठी स्वस्त पुस्तके काढणारी ‘पोस्रेद्निक’ ही संस्था उभारण्यात त्याचा पुढाकार होता. १८९७ मध्ये सरकारने त्याला देशाबाहेर घालविल्यावर इंग्लंडात बसून त्याने टॉल्स्टॉयचे निषिद्ध लेखन छापले व हस्तलिखिते जपून ठेवली. हे कार्य मोठे होते, आणि ते निःस्वार्थी नव्हते असे म्हणण्यास आधार नाही. परंतु एका गोष्टीचा लोभ त्याला निश्चित होता. टॉल्स्टॉयचा प्रत्येक कागद आपल्याजवळ असावा, असे त्याला वाटे. सोफियाला उत्पन्न हवे होते, चेर्तकोव्हला शब्द हवे होते. आणि दोघांनाही हवी असलेली वस्तू एकच होती.

टॉल्स्टॉयची इच्छा प्रथम केवळ इच्छा होती. १८९५ च्या मार्चमध्ये त्याने रोजनिशीत लिहून ठेवले की वारसांनी ग्रंथांवरील हक्क सोडावा. पण ते त्यांच्या मर्जीवर सोपविले. कायद्याच्या दृष्टीने याला किंमत नव्हती. रशियन कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क वारसांकडे राहत असे. १९०९ च्या सप्टेंबरात, चेर्तकोव्ह तेव्हा राहत असलेल्या क्रेक्शिनो येथे, टॉल्स्टॉयने दुसरा कागद केला: १८८१ नंतरचे लेखन कोणाचीही मालमत्ता असू नये. मुराव्ह्योव्ह नावाच्या वकिलाने तो पाहिला व निरर्थक ठरविला. कारण कायद्याला वारस लागतो. ‘सर्वांना’ दिलेले दान म्हणजे कोणालाच न दिलेले दान. आणि मग ते आपोआप कुटुंबाकडे जाणार.

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मालमत्ता नाकारावयाची तर ती आधी कोणाच्या तरी नावावर करून द्यावी लागते. ज्याने आयुष्यभर न्यायालये, शपथा, शासन यांचा धिक्कार केला, त्याला आपला त्याग टिकविण्यासाठी त्याच शासनाच्या साच्यातील मजकूर लिहावा लागला. (स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील २१ वे कलम लेखकाला आपला हक्क विधिपूर्वक सोडून देण्याची सोय देते. टॉल्स्टॉयपुढे अशी वाट नव्हती.) १ नोव्हेंबर १९०९ च्या मृत्युपत्रात अलेक्सान्द्राचे नाव वारस म्हणून आले. १९१० च्या जुलैत तो मजकूर पुन्हा बदलला; आधीच्या व नंतरच्या साऱ्याच ग्रंथांचा वारसा अलेक्सान्द्राला व ती न राहिल्यास तात्यानाला देण्यात आला. १७ जुलैच्या प्रतीत मृत्युपत्र करणारा शुद्धीवर व पूर्ण स्मृतीत आहे हे साच्याचे वाक्य राहून गेल्यामुळे २२ जुलैला सगळे पुन्हा लिहावे लागले. टॉल्स्टॉय घोड्यावरून फिरावयास निघाला, ग्रुमाँ या खेड्याजवळच्या रानात थांबला, एका झाडाच्या बुंध्यावर बसला आणि त्याने तो मजकूर स्वहस्ते उतरून काढला. पियानोवादक गोल्डेनवाइझर व आणखी दोघे साक्षीदार होते. जोडीला एक स्पष्टीकरणाचा कागद करण्यात आला. त्यान्वये सर्व लेखनाचे संपादन व प्रकाशन चेर्तकोव्हकडे जाणार होते. वानप्रस्थाला निघण्यापूर्वी हा वृद्ध पुरुष अरण्यात गेला होता, तो मृत्युपत्रावर सही करण्यासाठी.

गुप्ततेबद्दल त्याला स्वतःलाच खंत होती. पावेल बिर्युकोव्ह या जुन्या मित्राने ऑगस्टच्या आरंभी सांगितले की हे कुटुंबाला बोलावून उघडपणे करावयास हवे होते. टॉल्स्टॉयला ते पटले व तसे त्याने चेर्तकोव्हला कळविले. चेर्तकोव्हने लांबलचक उत्तर धाडून आपली बाजू मांडली. टॉल्स्टॉय पुन्हा गप्प बसला. सत्यावाचून कोणताही धर्म न मानणाऱ्या माणसाच्या घरात अखेरचे तीन महिने एक न बोललेली गोष्ट वावरत होती.

४

सोफिया आन्द्रेयेव्हनाचा संशय या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा. तिचे वर्तन त्या उन्हाळ्यात असह्य झाले होते, हे कोणीही नाकारलेले नाही. ती दाराआड उभी राहून ऐके, कागद शोधी, विष घेण्याच्या व तळ्यात उडी घेण्याच्या धमक्या देई. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मॉस्कोहून रोसोलिमो या मनोविकारतज्ज्ञाला बोलावण्यात आले. त्याने तिच्या अवस्थेला संशयविकृती व उन्माद ही दोन नावे दिली. या निदानाचा आधार घेऊन पुढे अनेकांनी तिच्या साऱ्या म्हणण्याची वासलात लावली आहे. परंतु तारखांकडे लक्ष दिल्यास एक विलक्षण गोष्ट आढळते. तज्ज्ञ येऊन गेला त्याच आठवड्यात रानातला तो कागद सही होत होता. आपल्यामागे काही तरी कट चालला आहे, हा तिचा भ्रम ठरविला जात असतानाच तो कट पूर्णत्वास जात होता. संशय विकृत असू शकतो आणि त्याच वेळी खराही असू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

तिची मागणी तरी काय होती? पैशाची, हे उत्तर अर्धेच आहे. मुले मोठी झाली होती, नातवंडे होती, काही मुलगे पैशाच्या बाबतीत सदा अडचणीत असत. पतीने हक्क सोडले तर त्याचा लाभ गरिबांना न होता श्रीमंत प्रकाशकांना होईल, हा तिचा युक्तिवाद होता आणि व्यवहारदृष्ट्या तो चुकीचा नव्हता. परंतु १९१० मध्ये तिचा सर्वांत तीव्र झगडा झाला तो रोजनिशींवरून. १९०० पासूनच्या रोजनिशीच्या सात वह्या चेर्तकोव्हजवळ होत्या. त्या परत आणाव्यात, असा तिने धोशा लावला. जुलैच्या मध्यास टॉल्स्टॉयने त्या परत आणविल्या. पण त्या तिच्या हाती न देता तात्यानाकरवी तूला येथील बँकेत ठेवण्यात आल्या. त्या वह्यांतून काही रूबल मिळणार म्हणून ती अस्वस्थ नव्हती. पुढच्या पिढ्या आपल्याला कोणत्या रूपात ओळखतील, हा तिचा प्रश्न होता. पंधरा वर्षांपूर्वीच तिने पतीला विनविले होते की रोजनिशीतील माझ्याविषयीचे कटू उद्गार काढून टाक. आणि तेव्हा त्याने काही मजकूर खोडलाही होता.

अर्थात् यामुळे ती निर्दोष ठरत नाही. ज्या भीतीने ती पछाडली होती त्या भीतीनेच तिने पतीचे अखेरचे दिवस दुःसह केले. आणि ज्या नावलौकिकासाठी ती झगडत होती त्याला सर्वांत मोठा डाग तिच्या त्याच झगड्याने लावला. परंतु संतपुरुषाची कर्कशा पत्नी, झांटिपीची नवी आवृत्ती, अशी जी प्रतिमा अनुयायांनी रूढ केली ती टीकाकाराने स्वीकारू नये. १८८३ मध्ये जे ओझे टॉल्स्टॉयने खाली ठेवले ते तिने उचलले, आणि मग ओझे वाहते म्हणून तिलाच दोष देण्यात आला.

५

साहित्याच्या अभ्यासकाला या प्रकरणात खरे स्वारस्य आहे ते साधनांच्या स्वरूपात. त्या वर्षी यास्नाया पोल्यानात जवळजवळ प्रत्येक जण लिहीत होता. टॉल्स्टॉय रोजनिशी लिही, सोफिया लिही. डॉक्टर माकोवित्स्की टॉल्स्टॉयचे उद्गार टिपून घेई. व्हालेंतिन बुल्गाकोव्ह हा तरुण चिटणीस, गोल्डेनवाइझर, सोफियाच्या लेखनिकेचे काम करणारी फेओक्रितोव्हा, अशा सर्वांच्या नोंदी आहेत. शिवाय पत्रे होती. आणि यांतील बहुतेक लेखन दुसऱ्या कोणी वाचावे म्हणून, निदान दुसरे कोणी वाचील या जाणिवेने लिहिलेले होते. टॉल्स्टॉयच्या रोजनिशीची नक्कल चेर्तकोव्हकडे जात असे. सोफियाला ती वाचावयाची असे. अलेक्सान्द्राला तर ती उतरूनच काढावी लागे. या विवाहाचा आरंभच मुळी रोजनिशीच्या वाचनाने झाला होता. लग्नाच्या आधी टॉल्स्टॉयने आपल्या ब्रह्मचारी दिवसांतील वह्या अठरा वर्षांच्या वधूच्या हाती दिल्या, आणि त्यातील मजकुराचा घाव ती जन्मभर विसरली नाही.

अशा स्थितीत २९ जुलै १९१० ला टॉल्स्टॉयने एक निराळी वही सुरू केली व तिला ‘फक्त स्वतःसाठी रोजनिशी’ असे नाव दिले. ती तो बुटात लपवी. म्हणजे पहिली रोजनिशी स्वतःसाठी नव्हती, अशी कबुलीच त्या नावात आहे. ऑक्टोबरात ही वहीसुद्धा सोफियाला सापडली, आणि मृत्युपत्र झाले आहे याची तिला खात्री पटली. कबुलीजबाबाचा जगातील एक थोर लेखक, ज्याने सत्यकथनासाठी कला दुय्यम मानली, त्याला आपल्या घरात एक पान निर्वेधपणे लिहिता येऊ नये, ही या प्रकरणातील शोकात्म गोष्ट आहे. घर सोडून जाण्याचे एक प्रबळ कारणही बहुधा हेच असावे.

यावरून अभ्यासकाने काही दक्षता घेणे अवश्य ठरते. त्या वर्षातील टॉल्स्टॉयची रोजनिशी ही अंतःकरणाची सरळ नोंद मानता येत नाही; कोण वाचणार आहे हे लक्षात घेऊन प्रत्येक वाक्याचे वजन करावे लागते. साक्षीदार कोणत्या पक्षाचा आहे हेही पाहावे लागते. गोल्डेनवाइझर व फेओक्रितोव्हा हे सोफियाच्या विरुद्ध होते. चेर्तकोव्हने १९२२ मध्ये या घटनेवर पुस्तक लिहिले ते स्वतःच्या समर्थनासाठी. त्यांच्या तुलनेने बुल्गाकोव्ह पुष्कळ तटस्थ आहे. दोन्ही छावण्यांत त्याला विश्वासात घेतले जाई आणि दोन्हींचा त्याला उबग आला होता. शेवटी, ग्रंथांच्या प्रसिद्धीचा क्रमही ध्यानात घ्यावयास हवा. १९२८ ते १९५८ या काळात निघालेली टॉल्स्टॉयच्या समग्र लेखनाची नव्वद खंडांची आवृत्ती चेर्तकोव्हच्या संपादकत्वाखाली सुरू झाली. उलट सोफियाने ‘क्रॉयत्झर सोनाटा’ला उत्तर म्हणून १८९० नंतरच्या वर्षांत लिहिलेली ‘दोष कोणाचा?’ ही कथा रशियात १९९४ मध्ये छापली गेली, आणि ‘माझे आयुष्य’ हे तिचे विस्तृत आत्मनिवेदन २०१० मध्ये इंग्रजीत व त्यानंतर मूळ रशियनमध्ये पूर्णरूपाने आले. एका पक्षाचे म्हणणे ऐकल्यावर दुसऱ्याचे ऐकावयास जगाला शंभर वर्षे लागली. आपल्याकडील टॉल्स्टॉयविषयक लेखन यांपैकी पहिल्याच पक्षाच्या साधनांवर पोसलेले आहे.

६

गृहत्यागानंतरची हकीकत थोडक्यात सांगता येईल. श्चेकिनो स्थानकावरून निघून टॉल्स्टॉय कोझेल्स्कजवळच्या ऑप्तिना मठाशी गेला, तेथून शामोर्दिनो येथील मठात जोगीण झालेल्या आपल्या बहिणीकडे गेला. १९०१ मध्ये ज्या धर्मसंस्थेने त्याला बहिष्कृत केले तिच्याच दारी तो प्रथम गेला, हे लक्षणीय आहे. तेथे स्थिरावण्याचा त्याचा विचार होता. इतक्यात अलेक्सान्द्रा येऊन पोचली व तिने घरची हकीकत सांगितली. त्याचे जाणे कळताच सोफियाने तळ्यात उडी घेतली होती, व अलेक्सान्द्राने आणि बुल्गाकोव्हने तिला बाहेर काढले होते. मागावर माणसे येतील या भीतीने ही मंडळी ३१ ऑक्टोबरला दक्षिणेच्या गाडीत बसली. वाटेत टॉल्स्टॉयला ताप भरला आणि अस्तापोव्होला उतरावे लागले. ओझोलिन या स्टेशनमास्तरने आपले घर मोकळे करून दिले.

जो माणूस जगाला कळू न देता नाहीसा होऊ इच्छीत होता, त्याच्या मरणाइतके जाहीर मरण तोवर दुसरे झाले नव्हते. बातमीदार, पोलीस, धर्माधिकारी, चलच्चित्रांचे यंत्र घेतलेली माणसे त्या लहानशा स्थानकावर जमली, आणि तारयंत्र रात्रंदिवस खडखडत राहिले. चेर्तकोव्हला आत बोलावण्यात आले. खास गाडीने आलेल्या सोफियाला, तिच्या दर्शनाने रोग्याला धक्का बसेल म्हणून, तो बेशुद्ध होईपर्यंत दाराबाहेर ठेवण्यात आले. बंद खोलीबाहेर घोटाळणाऱ्या त्या वृद्ध स्त्रीचे चलच्चित्र आजही उपलब्ध आहे. ‘उखोद’ या शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे समोरासमोर आले होते. निघून गेलेला माणूस आत होता, आणि जिने त्याची आयुष्यभर देखभाल केली ती बाहेर.

७

आश्चर्याची गोष्ट ही की टॉल्स्टॉयने या साऱ्याचा आराखडा आपल्या लेखनात आधीच अनेकदा करून पाहिला होता. ‘इव्हान इल्यिचचा मृत्यू’ (१८८६) मध्ये विधवा पतीच्या शवाजवळच निवृत्तिवेतनाची चौकशी करते. ‘अंधारात प्रकाश’ या त्याच्या अपुऱ्या नाटकात मालमत्ता सोडू पाहणारा सारिन्त्सेव्ह ती अखेर पत्नीच्या नावावर करून देतो, घर सोडावयास निघतो आणि सोडू शकत नाही. ‘जिवंत प्रेत’ या नाटकाचा नायक मेल्याचे ढोंग करून संसारातून नाहीसा होतो. ‘कोर्नेय वासिल्येव्ह’ या कथेतील पैसेवाला माणूस संतापाच्या भरात घर सोडतो व सतरा वर्षांनी भिकारी होऊन परततो. सम्राट पहिला अलेक्झांडर मेला नसून फ्योदोर कुझ्मिच नावाचा साधू झाला, या दंतकथेवर त्याने १९०५ मध्ये लेखन आरंभिले व अर्धवट सोडले. यांतील सारिन्त्सेव्हचे नाटक सर्वांत अवघड ठरले, कारण त्यात पत्नीची बाजू लेखकाने इतक्या प्रामाणिकपणे मांडली आहे की नायकाचा विजय होईना. रोजनिशीत जो न्याय तो सोफियाला देऊ शकला नाही, तो नाटककार म्हणून त्याने दिला. त्यागाचे नाटक अपुरे राहते याचे कारण कलेच्या दृष्टीने पाहावे लागेल. एका माणसाचा त्याग दुसऱ्याच्या खर्चाने होतो, हे त्याच्या प्रतिभेने ओळखले होते.

या संदर्भात ‘किंग लिअर’ची आठवण अपरिहार्य आहे. टॉल्स्टॉयने १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात शेक्सपिअरवर, विशेषतः या नाटकावर, कठोर टीका केली. ऑर्वेलने १९४७ मध्ये असे सुचविले की या रागाच्या मुळाशी लिअरशी असलेले त्याचे स्वतःचे साम्य होते: दोघांनीही सत्ता व संपत्ती सोडली, पण सोडल्याचे परिणाम दोघांनाही सोसले नाहीत. हे मर्मग्राही आहे, तथापि पुरेसे नाही. १८९२ ची वाटणी लिअरसारखी होती, उघड, सर्वांदेखत. १९१० चे मृत्युपत्र तसे नव्हते. लिअरच्या दरबारात प्रेमाचे मोजमाप मोठ्याने झाले. यास्नाया पोल्यानात ते कुलपाआड झाले. मराठी वाचकाला येथे वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ आठवेल. १९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील आप्पासाहेब बेलवलकरही हयातीतच सर्व काही मुलांना देऊन टाकतात, आणि लेकीच्या घरी चोरीचा आळ आल्यावर निघून जातात. तेथे संशय म्हाताऱ्यावर येतो, म्हणून प्रेक्षकाची सहानुभूती विभागली जात नाही. टॉल्स्टॉयच्या घरात प्रत्येकाचा प्रत्येकावर संशय होता आणि प्रत्येकाजवळ काही पुरावा होता. नाटकापेक्षा हा विषय अवघड आहे तो यामुळे.

८

मृत्युपत्राचे पुढे काय झाले? अलेक्सान्द्रा वारस ठरली. मरणोत्तर ग्रंथांची आवृत्ती तिने काढली. तिचे पैसे आले, आणि त्या पैशातून १९१३ मध्ये यास्नाया पोल्यानाची बरीचशी जमीन आई व भावांकडून विकत घेऊन ती शेतकऱ्यांना देण्यात आली. १८९२ मध्ये जी जमीन टॉल्स्टॉयने कुटुंबाला देऊन टाकली, तीच त्याने जगाला देऊन टाकलेल्या ग्रंथांच्या विक्रीतून परत खरेदी करावी लागली. त्याग पुरा झाला, पण तो बाजारातून फिरून आला. मॉस्कोच्या ऐतिहासिक संग्रहालयात ठेवलेल्या हस्तलिखितांवरून आई व मुलगी यांच्यात वाद चालला. त्याचा निकाल अखेर आईच्या बाजूने लागला. सोफिया १९१९ मध्ये वारली, तेव्हा अलेक्सान्द्रा तिच्याजवळ होती.

या हकीकतीतून टॉल्स्टॉय लहान होतो असे मानण्याचे कारण नाही. गांधींपुढे जो आदर्श होता तो खोटा नव्हता. परंतु तो निष्कलंक होता अशी समजूत करून घेतल्याने त्या आदर्शाची किंमत काय होती व ती कोणी मोजली, हे आपल्याला दिसेनासे होते. वानप्रस्थाच्या कल्पनेत पत्नीला सोबत नेण्याची अथवा तिला मुलांच्या स्वाधीन करण्याची तरतूद आहे. मागे राहणाऱ्याचा विचार केल्यावाचून अरण्यात जाण्याचा अधिकार तेथे गृहीत धरलेला नाही. टॉल्स्टॉयने आपल्याकडून अरण्य घेतले, ही तरतूद घेतली नाही. त्याच्या जीवनाविषयी व लेखनाविषयी भारतीय भाषांत पुढे जे लिहिले जाईल त्यात त्या रात्रीचे दोन्ही आवाज ऐकू यावेत: अंधारात घोडे जोडले जात असल्याचा, आणि त्याच्या आधीचा, अभ्यासिकेतील कागदांचा.